दोरी राहिली

नवी नोकरी घरूनच करायची होती, अट एकच: फोनवर बोलताना मागून गोंगाट ऐकू येता कामा नये. आमच्या घरात हे जन्मात जमलं नसतं. अंगणापलीकडची खोली तेवढी शांत. तिथे वायफाय पोहोचत नव्हतं. सासूबाईंची हाक मात्र खणखणीत पोहोचायची. आणि सोमवारी रुजू झाले नाही, तर नोकरी हातची गेली.

म्हणून रविवारी नवरा आणि थोरले दीर यांनी अंगणात चर खणला. घरापासून खोलीपर्यंत पाइप टाकला, सांधे चिकटवले, माती लोटली आणि वर नाचून ती दाबलीसुद्धा. आता पाइपातल्या दोरीला इंटरनेटची केबल बांधून पलीकडून ओढली की झालं.

"दोरी कुठाय?" दिरांनी विचारलं.

"तू घातलीस ना, दादा?"

"मी? मला वाटलं तू घातलीस!"

आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. मी इतकी भडकले, की दोघं मुकाट्याने परत फावडी शोधू लागले.

तेवढ्यात मला सासूबाईंचा व्हॅक्यूम क्लीनर आठवला. या टोकाला दोरी सोडायची, त्या टोकाने हवा खेचायची. पण ते यंत्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनीच शिवलेल्या खोळीत ते असायचं, हात लावायची कुणाची टाप नव्हती. शिवाय माझ्या नोकरीबद्दल त्या बरा-वाईट एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांना ती नकोच असणार, असं मी धरून चालले होते.

मी चाचरत कल्पना सांगितली. त्या उठून आत गेल्या.

"झालं! रुसली," नवरा पुटपुटला.

त्या यंत्र उचलूनच बाहेर आल्या. खोळ काढलेली होती.

"आई, माती शिरेल त्यात."

"शिरू दे. तिची नोकरी गेली तर तू आणून देणार आहेस?"

दोरीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधली. पलीकडे सासूबाईंनी पाइपाच्या तोंडाशी नळी धरून फटींत फडकं कोंबलं. यंत्र घरघरलं, दिरांच्या हातातली दोरी सरसर निघाली.

"आली, आली!" सासूबाईंचा आवाज गल्लीभर गेला.

संध्याकाळी खोलीतल्या लॅपटॉपवर पहिला फोन आला, स्वयंपाकघरातून.

"ऐकू येतंय का गं?" सासूबाई चक्क हळू बोलत होत्या.

"स्पष्ट."

"मग उद्यापासून हाका बंद. काही असलं तर मी येईन, दार वाजवून."

"तुम्ही कशाला दार वाजवायचं?"

"कामावर असशील ना तू."

मी नुसतीच मान हलवली. बोलले असते तर रडू ऐकू गेलं असतं. लाइन भलतीच स्वच्छ होती.