वलगावचा गंज केनियाला गेला

मी एक जुना पितळी गंज आहे. मित्रांनो, वऱ्हाडात उभट पातेल्याला गंज म्हणतात. अमरावतीच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि वलगावच्या मनकर्णाबाईंनी घरी नेलं. १९६२ साली त्यांचा मुलगा धर्मपाल शेतकी शिकायला अकोल्याला निघाला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या सामानात बांधून दिलं.

वसतिगृहात धर्मपालच्या खोलीत केनियाचा ओतिएनो राहायचा. खाणावळीचा तिखट रस्सा त्याच्या घशाखाली उतरेना. एका रविवारी त्याने ट्रंक भरली.

"काहून बे, चालला?" धर्मपालने विचारलं.

"इथं माझ्या ओळखीचं काहीच नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

धर्मपालने मला स्टोव्हवर ठेवलं आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी सोडली. ओतिएनोने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि त्याचे डोळे चमकले. हे धान्य तर त्याच्या आईच्या शेतात पिकायचं! त्याने उकळत्या पाण्यात पीठ वैरलं आणि घोटून घोटून घट्ट केलं.

"अबे, हा त आमच्या मायचा घाटा हाये!" धर्मपाल ओरडला.

ट्रंक पलंगाखाली गेली. वर्षभरात ओतिएनो झकास मराठी बोलू लागला, तीही वलगावची! पण खाणावळीत धर्मपालचं ताट नेहमी टोकाला का, हे त्याला कळेना. धर्मपालने सांगितलं, "आमी बौद्ध झालो, पन काही लोकाईच्या मनातली जात गेली नाही."

"आमच्या गावात गोऱ्याईच्या हाटेलात आमाले बी बंदी हाये," ओतिएनो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने मला घाट्याने काठोकाठ भरून व्हरांड्याच्या मधोमध ठेवलं. "आमच्याकडं सारे एकाच भांड्यातून जेवतात. या!"

पोरं बसली. नांदगाव पेठच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा जानराव मात्र उभाच. "मी ताटात घेतो."

धर्मपालने माझ्यात हात घातला होता. तो काढून न घेता त्याने जानरावकडे सरळ पाहिलं. "भूक असंन त बस. आमी त जेवून राहिलो."

जानराव हळूच टेकला. त्याने घास घेतला, चावला.

"मीठ कमी हाय बे!"

व्हरांडा हसण्याने दणाणला. त्या दिवसापासून टोकाचं ताट उठलं.

शिक्षण संपलं, तेव्हा ओतिएनो निरोप घ्यायला वलगावला आला आणि मनकर्णाबाईंनी मला त्याच्या हाती दिलं. "तुह्या मायले दे," त्या म्हणाल्या. केनियात मधली काही वर्षं ॲल्युमिनियमच्या भांड्यांमागे मी धूळ खात पडलो. पण ओतिएनोच्या आईने मला घासूनपुसून पुन्हा चुलीवर चढवलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी दूरदेशाहून आला, तर त्याला त्याच्या घरचं काय आवडतं ते विचारा. आणि त्याच्याशेजारी, अगदी जवळ बसा.