चुकीला टाळ्या

बाळ शिकायला निघाला की आक्का देव पाण्यात ठेवायची. बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वय साठ, ब्रशांच्या कारखान्याचा मालक. वडिलांच्या मागे कारखाना दोघांच्या नावावर आला. बाळने खुर्ची घेतली, आक्काने काम. दरवर्षी तो कुठल्याशा डोंगरावर नेतृत्वाच्या शिबिराला जायचा आणि नवा माणूस होऊन परतायचा. जुन्याची सवय होते न होते तोच हा नवा दारात हजर. एका वर्षी बैठका उभ्यानेच घ्यायच्या असं शिकून आला आणि सगळ्या खुर्च्या भंगारात दिल्या. पुढच्या वर्षी निवांत विचाराचं महत्त्व शिकला, तेव्हा त्याच खुर्च्या विनवण्या करून परत आणल्या. कामगार बिचारे महिनाभर माना डोलवत आणि साहेबांचा ताप उतरायची वाट बघत. ब्रशाच्या केसासारखं कितीही वाकवा, पुन्हा सरळ उभं राहायचं, असं बाळ त्यांना भाषणात सांगायचा. त्याच्या हाताखाली ते दुसरं करत तरी काय होते?

या खेपेला तो घंटा घेऊन आला. टेबलावर ठेवायची, वरून टिचकी मारली की टिंग करणारी.

"आक्का, अपयशाला घाबरणारा धंदा बुडतो," तो म्हणाला. "यापुढे ज्याच्या हातून चूक होईल त्याने घंटा वाजवून सांगायचं, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या."

"आणि निस्तरायचं कोणी?"

"तू ना, पहिल्यापासूनच नाट लावतेस."

पहिले काही दिवस घंटेकडे कोणी फिरकेना. मग बाळने शेजारी केक ठेवला आणि रांग लागली. दांडा उलटा बसवला, टिंग, टाळ्या. गोंद सांडला, टिंग, टाळ्या. लोकांचे हात असे सरावले की फाटकाशी सायकलची घंटी वाजली तरी आत टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

घंटा वाजवली नाही ती एकट्या बाळने. ग्राहकाला न मागता आनंद द्यावा, हेही त्या शिबिरातच शिकवलं होतं. म्हणून दाढीशेटच्या ब्रशांना नेहमीचे मऊ केस लावायचे सोडून त्याने बाटल्या घासायच्या ब्रशाचे ताठ केस लावायला लावले. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. दाढीशेट सगळ्या न्हाव्यांना दाढीचं सामान पुरवायचे, म्हणून हे नाव. स्वतःची हनुवटी मात्र काचेसारखी गुळगुळीत. आठवड्याभरात गिऱ्हाइकांचे गाल सोलून निघाले आणि माल परत आला.

"बाळ, घंटा वाजव," आक्का म्हणाली.

"ती चूक नव्हती. प्रयोग होता."

आक्काला हा सूर ओळखीचा होता. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडल्यावर आईने त्याला माफी मागायला संध्याकाळपर्यंत त्यांच्या उंबऱ्यात उभा केला होता. शेवटी तो म्हणाला होता, "काच जुनीच होती."

दाढीशेट उद्या येणार असल्याचा निरोप आला. दाढीच्या ब्रशांचा अख्खा विभाग त्यांच्या मागणीवर चालायचा. तिथे केसांच्या जुड्या बांधणाऱ्या बायका आक्काबरोबरच कामाला लागल्या होत्या, तिच्याबरोबरच म्हाताऱ्या झाल्या होत्या. शेट गेले की त्या घरी.

"दोनच शब्द बोल," तिने बाळला विनवलं. "माझं चुकलं. वडील असेच गेले होते यांच्या दुकानात, केस गळणारा माल गेला होता तेव्हा. भर दुकानात हेच बोलले. शेट तेव्हा नुकते गल्ल्यावर बसायला लागले होते, विसरले नसतील."

"तो काळ वेगळा होता, आक्का."

दुसऱ्या दिवशी शेट आले. पाणी घेतलं नाही, बसले नाहीत. बाळने सगळ्यांना गोळा केलं आणि हसतमुखाने सुरुवात केली. "शेट, संकट म्हणजे शिक्षक! या प्रसंगातून तुम्ही काय शिकलात, मी काय शिकलो..."

"मी शिकलो ना," शेट म्हणाले. "ही घंटा कसली?"

बाळची कळी खुलली. त्याने सगळी पद्धत समजावून सांगितली.

"छान आहे," म्हणत शेटनी टिचकी मारली. टिंग. "माझी चूक सांगतो. बापाकडे बघून मी मुलावर विश्वास ठेवला."

कडकडून टाळ्या पडल्या. सवयच ती. सगळ्यांत जोरात बाळ वाजवत होता. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा त्याचे हात हवेतच राहिले. शेटनी घंटा उचलून खिशात टाकली. "आठवण म्हणून नेतो."

आक्का जिन्यावरून धापा टाकत त्यांच्यामागे गेली. "शेट, माझं ऐका. आमचं चुकलं."

"ताई, तुमचं काय चुकलंय? ज्याने केलं त्याच्या तोंडून ऐकू दे. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो."

ती वर आली. फोन बाळसमोर सरकवला. "उचल. याला फी लागत नाही."

"असं कसं आक्का? माफी ही फार नाजूक प्रक्रिया आहे. तयारीशिवाय केली की उलटते."

आणि तो डोंगरावर गेला. माफी मागण्याचंही निवासी शिबिर असतं, हे आक्काला या वयात कळलं. महिनाअखेरीला तो परतला. आधी भिंतीवर प्रमाणपत्र लावलं, तिरकं झालं म्हणून पुन्हा लावलं, मग खुर्ची ओढून फोन लावला. जुड्या बांधणाऱ्या बायका कामं टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. आक्काने टेबलाची कड घट्ट धरली.

"शेट, मी बोलतोय." बाळने खोल श्वास घेतला. त्याचे ओठ हलले, थांबले. क्षणभर आक्काला वाटलं, निघतोय शब्द, निघतोय. "झाल्या प्रकाराबद्दल... आपल्या दोघांनाही... वाढीची एक संधी..."

पलीकडून टिंग असा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दारातल्या एकाही बाईचा हात हलला नाही. टाळी वाजवली ती एकट्या आक्काने, सावकाश, बाळच्या तोंडासमोर. मग ती बायकांना घेऊन खाली गेली, त्यांचा शेवटचा हिशेब करायला.