एकाहत्तर किलो

वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या त्या तपासनीसांना बाजारात सगळे काटेसाहेब म्हणत. त्यातला काटा वजनाचा की बाभळीचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तागडीच्या तळाला चिकटवलेलं लोहचुंबक बोटांनी चाचपून काढत आणि दुकानदाराला विचारत, "हे तुझं, की तुझ्या बापाच्या वेळेपासूनचं?" पुढे दुकानदाराची बोबडी वळे.

बायको मात्र त्यांना मुळीच घाबरत नसे. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर चिडलेल्या लोकांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे घरी आणखी एकाचं ऐकणं तिला जड नव्हतं. वर्षापूर्वी तिच्या फुप्फुसात गाठ निघाली. नेहमीच्या औषधांनी हात टेकले, तेव्हा मोठ्या रुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिच्यात तिला घेतलं. नियम सोपा होता. औषधाआधी एक स्कॅन, काही महिन्यांनी दुसरा. स्कॅनमध्ये गाठीचा एक आकडा निघतो. तो तीस टक्के किंवा जास्त उतरला तर औषध चालू, नाहीतर बंद.

दुसऱ्या स्कॅननंतर चाचणीतल्या तरुण डॉक्टरने कागद पुढे सरकवला.

"आकडा बारावरून नऊ पूर्णांक सहावर आलाय. म्हणजे वीस टक्के. तीस हवे होते. सॉरी काका, औषध थांबवावं लागेल."

"कमी झालाय ना पण?"

"झालाय. पुरेसा नाही."

"खोकला थांबलाय तिचा. दोन जिने न थांबता चढते."

"ते यात धरत नाहीत."

बायको पिशवी घेऊन उठली. बाहेरच्या बाकावर येऊन बसले तेव्हा काटेसाहेबांनी कागद पुन्हा वाचला. हातात कागद आला की मथळ्यापासून सहीपर्यंत वाचायचा, ही खात्यातली सवय. नाव, वय, सुई दिल्याची वेळ, उंची. आणि मग: वजन, ७१ किलो.

त्यांनी शेजारी बघितलं. बायकोच्या मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपराकडे घसरत होतं. पहिल्या स्कॅनच्या वेळी ती एकाहत्तर होती. आता?

"अगं, स्कॅनच्या आधी तुझं वजन केलं होतं?"

"कशाला हवंय आता ते?"

"केलं होतं की नाही?"

"मला पाणी हवंय," ती म्हणाली आणि उठून गेली.

काटेसाहेब उठले ते थेट तळघरात. स्कॅनच्या यंत्रांचे आकडे बरोबर येतात का, हे तपासणाऱ्या एक बाई तिथे बसत. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, पण रुग्णालयात सगळे त्यांना मोजणीवाल्या मॅडम म्हणत. दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' असं लिहिलेलं असूनही ते आत शिरले आणि कागद टेबलावर ठेवला.

"हा आकडा काढताना वजन लागतं का?"

मॅडमनी आधी माणसाकडे, मग कागदाकडे बघितलं. "लागतं. बसा. हे बघा, आम्ही सुईतून किरण सोडणारी साखर देतो. ती अंगभर वाटली जाते. अंगातल्या किलोमागे सरासरी किती साखर आली, हे आधी काढायचं. मग गाठीने त्याच्या किती पट ओढून घेतली, ते बघायचं. तोच हा आकडा. कॅन्सरची गाठ खादाड असते."

"आणि वजन जास्त लिहिलं तर?"

"तर किलोमागचा वाटा कागदावर लहान होतो, आणि गाठ आहे त्यापेक्षा खादाड दिसते." बोलता बोलताच त्या थांबल्या. "किती आहे वजन?"

"मी रोज वजनंच बघतो. साठच्या आतच आहे."

चाचणीचं औषध वरच्या दुसऱ्या मजल्यावर दिलं जाई. औषधाचं माप वजनावर ठरतं, म्हणून तिथली नर्स दर वेळी रुग्णाला काट्यावर उभं करायची. मॅडमनी फोन लावला. स्कॅनच्या आदल्या दिवशीची नोंद होती: सत्तावन्न किलो.

मॅडमनी कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. नऊ पूर्णांक सहाचा खरा आकडा निघाला सात पूर्णांक सात. बारावरून सात पूर्णांक सात.

"छत्तीस टक्के," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

काटेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे औषध लागू पडतंय!"

"हो."

"आणि तुम्ही ते बंद केलंत. अंदाजपंचे दाहोदरसे! एक कागद वरून खाली आणायला तुम्हाला तीन मजले जड झाले? अहो, आमच्या बाजारात कांदेवालासुद्धा दर गिऱ्हाइकाला नव्याने तोलतो!"

"मला ओरडून काय होणार?" मॅडमही तडकल्या. "सुई देण्याच्या खोलीतला काटा बिघडलाय म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी लेखी दिलंय. तीनदा. उत्तर नाही."

दोघं विभागप्रमुखांकडे गेले. केबिन गार होती आणि प्रमुख त्याहून गार. त्यांनी शांतपणे फाइल मागवली, उघडली आणि एका ओळीवर पेन टेकवलं.

"वजन रुग्णाने स्वतः सांगितलंय. खाली सही आहे."

सही बायकोचीच होती. टपाल कचेरीतली, घाईची, शेवटी शेपूट ओढलेली.

"सांगितलं असेल. तुम्ही मोजलं का नाही?"

"रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो."

"दुकानदार मला म्हणतो, साहेब, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. मी त्याचा काटा जप्त करतो."

"हे दुकान नाही."

"नाही ना. दुकानात फक्त कांदे कमी येतात."

प्रमुखांनी फाइल मिटली. "एका रुग्णासाठी निकाल उघडला तर सगळ्यांचे उघडावे लागतील. दोन वर्षांचं काम आहे. भावनेच्या भरात अशा गोष्टी ठरत नसतात."

"सगळ्यांचे उघडावे लागतील, हेच मला म्हणायचंय," मॅडम म्हणाल्या. प्रमुखांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू टेबलच बोललं.

घरी पोचेपर्यंत काटेसाहेब दात-ओठ खात होते. दार लावलं आणि फुटले.

"एकाहत्तर? तू सांगितलंस एकाहत्तर? एकोणतीस वर्षं मी खोट्या वजनांच्या मागे हिंडतोय, आणि माझ्याच घरात!"

"ओरडू नका. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! का सांगितलंस?"

बायको खुर्चीवर बसली. "आमच्या रांगेत तो गवंडी असायचा ना, मला पोस्टातल्या ताई म्हणायचा तो. त्यानं सांगितलं, वजन फार घटलं की अशक्त म्हणून चाचणीतून काढतात. मी तर जुनंच अडुसष्ट सांगून आलो, म्हणाला. मग स्कॅनच्या खिडकीवरच्या मुलीनं मला विचारलं, मागचंच लिहू का? मी म्हटलं, लिही."

"अगं पण वर नर्स तुला तोलते! तिथे खरं, खाली खोटं?"

"मला काय माहीत, खाली कशाला विचारतात? कुणी सांगितलं होतं का, की ह्या वजनावर तुमचं औषध ठरणार आहे? फॉर्ममध्ये उंचीच्या खाली एक रकाना, बस." तिचा आवाजही चढला. "आणि तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. फॉर्मची बावीस पानं वाचलीत त्या दिवशी, शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात. मी एकाहत्तर म्हटलेलं ऐकलं नाहीत? चौदा किलो बायको घरातून कमी झाली, तुमच्या लक्षात आलं नाही?"

काटेसाहेबांच्या लक्षात आलं होतं. रोज येत होतं. बोलून दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच. ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडून उगाच पेले धूत बसले आणि त्यातला एक फोडला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तळघरात होते. मॅडमनी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र लिहिलं होतं. नोकरी जाईल, असं सहकारी म्हणत होते. "गेली तर गेली. इथे बसून चुकीचे आकडे बरोबर छापायचा पगार मला नको," असं म्हणून त्यांनी सही केली. काटेसाहेबांनी आपली तक्रार जोडली, सोबत नर्सच्या नोंदीची प्रत. बायकोनेही आपल्या हाताने लिहून दिलं की वजन मी खोटं सांगितलं, कारण मला भीती वाटत होती. आणि मला कुणी मोजलं नाही.

समितीने सात आठवडे घेतले. ते सात आठवडे औषधावाचून गेले. खोकला परत आला. काटेसाहेब रोज समितीच्या कचेरीत फोन करत. तिथला कारकून त्यांचा आवाज ओळखू लागला आणि फोन उचलेनासा झाला. मग ते समोर जाऊन बसू लागले.

शेवटी निकाल आला. एक्केचाळीस रुग्णांपैकी नऊ जणांचं जुनंच वजन पुन्हा लिहिलं होतं. त्यातल्या चौघांना औषध लागू पडत असताना चाचणीबाहेर काढलं होतं. बायकोला पुन्हा घ्यायचं ठरलं. विभागप्रमुखांना समज देण्यात आली. मॅडमची नोकरी राहिली, पण त्यांना दुसऱ्या इमारतीत हलवलं. सुई देण्याच्या खोलीत नवा काटा आला.

पहिली बाटली लागली त्या दिवशी बायको म्हणाली, "चौघांतला एक तो गवंडी असणार."

"असेल."

"तो गेला हो, दीड महिन्यापूर्वी. त्याच्या बायकोला आपण जाऊन सांगायचं."

"रुग्णालय पत्र पाठवणार आहे सगळ्यांना."

"पत्रं कशी असतात, ते मला नका सांगू. आयुष्य गेलं माझं पत्रांत."

गवंड्याचं घर बैठं होतं, प्लॅस्टर स्वतः केलेलं, कोपरे सुरीने कापल्यासारखे सरळ. त्याच्या बायकोने दोघांना बसवलं आणि ऐकून घेतलं. पोस्टातल्या ताईंनी काहीच लपवलं नाही. खोटं त्यानं सांगितलं, मीही सांगितलं, मोजलं मात्र कुणीच नाही.

गवंड्याची बायको म्हणाली, "अडुसष्ट? त्याच्या पँटी मी तीनदा आत घेतल्या. पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडली. आणि तिथे एवढे शिकलेले, त्यातल्या एकालाही डोळे नव्हते?"

ती आतून एक पाकीट घेऊन आली. "कालच आलंय. वाचा. 'नोंदीतील किरकोळ तफावत.' हे किरकोळ?" तिने कागद काटेसाहेबांपुढे धरला. "त्याचा खरा आकडा किती होता?"

"यात दिलेला नाही," काटेसाहेब पत्र उलटसुलट करून म्हणाले. "त्यांच्याकडे आहे."

तिने पायात चपला सरकवल्या. "मग चला."

विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर बसलेल्या माणसाने विचारलं, "वेळ घेतलीये का?"

"तुम्ही माझ्या नवऱ्याची घेतलीत, तेवढी पुरे," ती म्हणाली आणि दार ढकललं.

प्रमुख काहीतरी समजावून सांगू लागले. काटेसाहेब पुढे सरसावले, तसं बायकोने त्यांचा हात धरून ठेवला. गवंड्याची बायको मध्येच म्हणाली, "मला फक्त आकडा सांगा."

प्रमुखांनी फाइल काढली, शोधलं, चष्मा लावला, काढला.

"पस्तीस टक्के."

"म्हणजे लागू पडत होतं?"

ते पुन्हा पानं चाळू लागले.

"पडत होतं की नाही?"

"...पडत होतं."

"लिहून द्या. तारीख घालून, सही करून."

प्रमुख म्हणाले की अशी पद्धत नाही. ती खुर्चीवर बसली नाही, रडली नाही, दारापासून हललीही नाही. बाहेर पेशंटांची रांग वाढत गेली, लोक आत डोकावू लागले. अखेर त्यांनी पेन उचललं, आणि शेवटची ओळ पुरी होईपर्यंत ती त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिली.