खणखणीत वाजलेली वीट

मित्रांनो, माझं बोलणं कुणी खरं मानत नाही, तुम्हीही मानणार नाही. मी एक जुनी लाल वीट आहे. मला भाजलं त्या दिवशी माझी धग सोसेना, म्हणून जालन्याचा सूर्य ढगाआड जाऊन बसला होता.

मंठा रस्त्याच्या भट्टीत कोळशावर भाजून मी राजानंद गवंड्यांच्या घरी आले. त्यांच्या भिंतीत उभा जन्म काढला. येणाराजाणारा थाप मारून म्हणायचा, भिंत बिलकुल पक्की. आता ती भिंत पाडली, कारण त्यांना नातीसाठी नवी खोली काढायची आहे. पायलला दमा आहे. तिला थंड, हवेशीर जागा हवी. आम्ही अंगणात ढिगानं पडलो आहोत.

पायलची आई ज्योत्स्ना मातीचे ठोकळे घेऊन आली. माती, वाळू, थोडं सिमेंट. यंत्रात दाबायचं, पाणी मारून मुरवायचं. जाळायचं काही नाही. राजानंदांची पारख एकच: दोन विटा कानाशी धरून आपटायच्या. त्यांनी मला शेजारणीवर आपटलं. खण्ण. मग ठोकळे आपटले. धप्प.

"पोरी, हे कच्चं हाय. ह्याच्या भिंतीत नातीला न्हाई झोपवायचो मी."

"आबा, ते भाजलेलंच न्हाई, तर वाजंल कसं? पाण्यात टाकून बघा."

ठोकळा रात्रभर बादलीत बुडवला. सकाळी त्याची कोरसुद्धा झिजली नव्हती. पण राजानंदांचा भरवसा कानावर. त्यांनी मला पुन्हा उचललं. मला ठाऊक होतं, ही परीक्षा आम्हा भाजलेल्यांचीच. ठोकळ्यावर अन्याय होतोय. तरी कौतुकाची चटक सुटेना. मी शाळेच्या घंटेसारखी वाजले. राजानंद खूश झाले आणि ट्रॅक्टरभर नव्या विटा सांगायला त्यांनी भट्टीवाल्याला फोन लावला.

तेव्हापासून आतून पोखरल्यासारखं होतंय. मित्रांनो, आम्हा जुन्या विटांना फेकू नका. चुना खरवडून पुन्हा भिंतीत घ्या, कमी पडेल तिथं ठोकळे लावा, म्हणजे नव्या भाजाव्या लागणार नाहीत. हेच मी सांगायला हवं होतं.

पण तेवढ्यात पायल ढिगावर येऊन बसली आणि माझी जीभ घसरली. तिला म्हणाले, "नव्या विटा आल्या तरी भिऊ नको. आमचा धूर सरळ वर जातो, ढगांना काजळ घालतो. खाली म्हणून उतरत नाही."

राजानंद अजून फोन कानाला लावून शेजारीच उभे होते. पायल मोठ्यानं म्हणाली,

"खोटं. भट्टी पेटली की धूर आपल्या खिडकीतून आत येतो. मंग दम लागतो, मी रातभर बसून राहते."