लाल रंगाखालची चीर

मित्रांनो, १९८६ साली ईद जूनमध्ये आली आणि त्याच ईदेला माझे दोन तुकडे झाले. मी एका जुन्या हिरव्या मोटारीचा ब्रेक-ड्रम आहे. बिडाचा, पसरट पातेल्यासारखा. ब्रेक दाबला की आतले लायनर माझ्या पोटाला घट्ट धरायचे आणि चाक थांबायचे.

मोटार सालातिगा गावच्या दार्सिनीबाईंची. बाई शाळेत शिकवायच्या. यजमान गेल्यावर मोटार कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी राहिली आणि मी गंजून चाकाला चिकटलो. त्या वर्षी बाईंच्या मनाने घेतले, की डोंगरावर कोपेंगला राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या पाया पडायला स्वतः मोटार चालवत जायचे, नात रातिहला घेऊन.

तुगिमान मिस्त्री हा बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने हातोडीने हलके ठोकत मला सोडवले. आतली काळी भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. ती छातीत जाऊ नये. मग रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने गंज काढला, लेथवर पोट गुळगुळीत केले. मी इतका देखणा कधीच नव्हतो. शेवटी त्याने मला दोरीला टांगून टोला दिला. गावच्या गामेलान वाद्यवृंदात तो घंटा वाजवायचा, कान पक्का. धडधाकट ड्रम घुमतो. मी बद्द वाजलो. त्याने बोट फिरवून पाहिले. माझ्या कडेला केसाएवढी चीर होती.

दुसरा ड्रम सेमारांगच्या जुन्या बाजारात मिळाला असता, पण ईद होईपर्यंत बाजार बंद. तेवढ्यात बाई आल्या आणि विचारू लागल्या, "होईल ना रे उद्यापर्यंत?"

आमच्याकडे गुरूला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'हो'च म्हणतात, ते हळू म्हटले, की ऐकणाऱ्याने काय ते समजायचे.

"हो, बाई," तुगिमान अगदी हळू म्हणाला.

त्याची बायको वार्सियेम सणाच्या भातासाठी नारळाच्या पात्यांच्या पुड्या विणत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "केस पिकले तरी अजून वर्गातच बसलाय तुम्ही. जा, सांगून या."

तो गेला नाही. त्याने मला बाहेरून लाल रंग दिला. चिरीवर जरा जास्तच.

जाताना चढ होता, निभावले. उतरताना कोबीच्या मळ्यांपाशी, वळणावर, बाईंनी ब्रेक दाबला आणि मी तडकलो. मोटार बांधावर आदळली. बाईंचा खांदा निखळला. रातिहचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी तुगिमान माझा तुकडा पिशवीत घालून दवाखान्यात आला. ईदला धाकटे थोरांच्या गुडघ्यांवर डोके टेकून क्षमा मागतात, तसे त्याने टेकले.

"चुकलंमाकलं पोटात घाला, बाई."

"माझंही घाल," बाई रीतीप्रमाणे म्हणाल्या.

तो उठेना. त्याने मला पिशवीतून काढून समोर ठेवले. "चुकलंमाकलं नाही, बाई. हा बद्द वाजला होता. मी ऐकलं आणि वरून रंग लावला."

बाईंनी माझ्या लाल रंगावरून बोट फिरवले. "तुझं ते 'हो' मी ओळखलं होतं रे. जन्मभर पोरांची असली 'हो' ऐकलीत. पण मला बहिणीच्या दारात मोटारीतून उतरायचं होतं."

थोरांनी लहानांपुढे वाकायची आमच्याकडे रीत नाही. तरी बाई उठल्या आणि रातिहच्या खाटेपाशी जाऊन, बांधलेल्या खांद्यानिशी वाकल्या. शेजारी तुगिमान वाकला. रातिह घाबरून आजीचे डोके वर करू लागली.

"आजी, असं काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत," बाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा कधी मोटार चालवली नाही. तुगिमान पुढे फटकळ म्हणून प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइके रुसायची, तरी त्याच्याकडेच यायची. आता दोघेही नाहीत. वार्सियेम लेकाकडे असते. रातिह परिचारिका झाली. चढावर अजून जरा लंगडते. मी गॅरेजच्या दाराशी पडून आहे, लाल रंग केव्हाच उडाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासा, पुसा, हौसेने रंगवाही. पण आतून काही तडकलेले दिसले, तर आधी सांगा, मग समोर कोणी का असेना. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीने 'नाही' तुम्हालाच म्हणावे लागते.