घर जीपमध्ये बसलं

शुभांगी मॅडमनी सुरगाण्यावर मुलांसाठी गोष्ट लिहिली, कारण त्या एकदा सुरगाण्याला गेल्या होत्या. सकाळी गेल्या, जेवल्या, परत आल्या. एवढ्या मुक्कामात डझनभर उपमा, तीन रूपकं आणि एक चेतनगुणोक्ती सुचणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

ती गोष्ट हंगामी वसतिगृहाच्या परीक्षेला आली. दिवाळी झाली की तिकडचे लोक द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. पोरंही बरोबर जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. ती सुटू नये म्हणून मॅडमच्या संस्थेनं गंगापूर रोडला वसतिगृह काढलं. चांगलंच केलं. आता पोरांना आत घेण्याआधी काय विचारायचं? तर 'अलंकार ओळखा.' भुकेल्याच्या पुढ्यात ताट ठेवावं आणि म्हणावं, आधी ताटाचा घाट ओळख.

मी इंदिरानगरच्या बालवाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालते. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं कव्हरं घालता घालता वाचलं. पेपर तपासायला मला वसतिगृहावर बोलावतात, कारण मी लाल पेन घरचा आणते.

गोष्टीतली दहा वाक्यं, सात ओळखली तर जागा. नमुना उत्तरं मॅडमनी लॅमिनेट करून दिलेली. लॅमिनेट केलेल्याला खाडाखोड करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

वैष्णवी सहावीतली. तिची सहा उत्तरं बरोबर होती. तीन अशी साफ चुकलेली, की माझाही वशिला चालला नसता. राहिलं दहावं वाक्य: 'दिवाळी सरली आणि त्यांचं घर जीपमध्ये बसून निघालं.' नमुना उत्तर: चेतनगुणोक्ती, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. वैष्णवीनं लिहिलं होतं: 'अलंकार नाही. असंच जातं. दार पण नेतात.'

"मॅडम, हिला हा एक गुण द्या."

"कसा देणार, लताबाई? घर कधी जीपमध्ये बसतं का?"

"यांचं बसत असेल."

"खरंच बसलं, तर माझ्या वाक्यात सौंदर्य काय उरलं?"

मुद्दा बिनतोड होता.

"ती पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला," मॅडम मायेनं म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी ती द्राक्षाचे मणी विरळत असेल. त्याच्या पुढच्या वर्षी लग्नाचं बघतील."

"अहो, पण नियम सगळ्यांना सारखा नको? आणखी कुणी असंच लिहिलं असेल तर?"

"तर त्यांनाही द्या. तुमच्या घरचं जाणार काय?"

तेवढ्यात दारात चपला काढून वैष्णवीचा बाप उभा राहिला. नाथा. टोपी हातात.

"बाई, निकाल लागला का? जीप गेटावर हाय. मुकादम लय तापलाय. पोरगी न्यायची का ठिवायची, तेवढं सांगा."

मी पेपर उचलला. "चला मॅडम. गेटापर्यंतच."

गेटासमोर जीप उभी होती. आत म्हातारी, वैष्णवीची आई, दोन बारकी पोरं, मांडीवर शेळीचं पिल्लू. मागं पत्रे, पाटा-वरवंटा, नागलीचं पोतं, झाकणाखाली कोंबड्या. आणि टपावर दोरीनं आवळून बांधलेलं दार. लाकडी, निळं, कडीसकट. त्यावर खडूनं सतराचा पाढा लिहिलेला. अक्षर पेपरातलंच होतं.

मॅडमनी वर बघितलं. "दार कशाला?"

"मागं ठिवलं तं कोणी नेतंय ना," नाथा म्हणाला. "आन तिकडं पालाला लावाया लागतंच. पोरीला दाराबिगर झोप येत नाय."

मॅडमनी फोन काढला आणि फोटो घेतला. "किती बोलका फोटो!"

"फोटो बोलका, ही चेतनगुणोक्ती," मी म्हणाले. "दार मात्र नुसतं दार आहे, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग जीपच्या चाकाशी उभ्या वैष्णवीकडं. ती दोन्ही मुठींत परकराचा काठ धरून उभी होती.

"द्या," मॅडम म्हणाल्या. "पण विशेष बाब म्हणून. नमुना उत्तर बदलणार नाही."

"छे हो. लॅमिनेट केलंय."

जीपच्या बॉनेटवर पेपर ठेवून मी सहाचे सात केले. नाथानं पोरीची पिशवी खाली काढली, दोरीची गाठ पुन्हा आवळली आणि पुढं जाऊन बसला. म्हातारीनं बाहेर हात काढला, तो वैष्णवीच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आत जीप हलली.

"बाबा, कडी बांध!" वैष्णवी मागं धावली. "नाय तं वाजत ऱ्हाईल!"

कुणाला ऐकू गेलं नाही. गंगापूर रोडच्या त्या सगळ्या गाड्यांमधून टपावरची कडी खडखड करत लांब गेली.

मॅडम हळहळल्या. "जणू घरच रडत चाललंय."

वैष्णवीनं बाहीनं नाक पुसलं. डोळे पुसले. मग पुन्हा नाक.

"घर नाय रडत. कडी वाजते ती," ती म्हणाली. आणि रस्त्यावरची नजर न काढता, "पन 'जणू' आलं, म्हंजे उत्प्रेक्षा."

"बरोबर," मी म्हणाले आणि तिची पिशवी उचलली.