मोठा म्हणून मीच फुटलो?

मी एक फुगा बोलतोय. वाढदिवसाचा नव्हे, एका लिफ्टदुरुस्तीवाल्याच्या मेंदूतला. तिथल्या रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ झाली, रक्ताच्या दाबाने फुगली आणि मी जन्मलो. पुढे मला दोन भाऊ झाले. मी थोरला, कपाळामागे ऐसपैस. मधला उजव्या बाजूला. धाकटा डाव्या डोळ्यामागे. वाटाण्याहून लहान, पण अंगावर एक टेंगूळ आणि स्वभावाने तिरसट.

परवा तोच फुटला. मालक जेवता जेवता "डोकं!" एवढंच ओरडले आणि टेबलाच्या कडेवर तोंडघशी पडले. डावा डोळा सुजून बंद.

इस्पितळात फोटो निघाले. रक्त मेंदूभर सारखंच पसरलेलं. आलं कुठून, कळेना. मोठ्या सर्जननी माझ्यावर बोट ठेवलं. "हाच. आकार बघा ना याचा!"

झाली चौकशी! ना साक्ष, ना पुरावा. अंगाने थोराड म्हणून मी गुन्हेगार! माझी बदनामी गेली खड्ड्यात. पण रक्त आत येऊ नये म्हणून माझ्या तोंडाला चिमटा लावून हे हात धुऊन मोकळे होणार, धाकटा पुन्हा फुटणार आणि मालक संपणार. मी घसा फोडून ओरडलो. फुग्याचं कोण ऐकतो?

बाहेर मालकीणबाई रडत दिराला सांगत होत्या, "आमचं शेवटचं बोलणंसुद्धा भांडणच हो, भावोजी! शेजारीण समोर जेवायला बसलेली, आणि हे तिला डोळा मारतायत! या वयात!"

"वहिनी, दादा डोळा मारणार? त्याला धड शिट्टी वाजवता येत नाही."

"मी पाहिलं ना! डावा डोळा मिटला तो उघडेचना. निर्लज्जपणा तरी किती!"

शेजारून जाणारी तरुण डॉक्टरीण थबकली. "हे पडायच्या आधी की नंतर?"

"आधीच! नंतर कशाला मारतील?"

ती आत धावली. "सर, पापणी सुजेने नाही मिटली, आधीच पडली होती! डोळ्यामागचा लहान फुगा पापणी उचलणारी नस दाबतोय. फुटलाय तो!"

सर्जननी सुजलेली पापणी उचलली, मोठी झालेली बाहुली पाहिली आणि बेत बदलला. चिमटा धाकट्याला बसला.

काही दिवसांनी मालक शुद्धीवर आले. पापणी अजून अर्धी मिटलेली, समोर नर्स उभी. मालकीणबाई रडता रडता कडाडल्या, "पुन्हा?"

आमची दोघांची पाळी नंतर येणार आहे म्हणे. तोवर बाई, खुशाल भांडा, तुमचा हक्कच आहे. फक्त आवाज जरा खाली. मी अजून आतच आहे.